हाडातल्या इम्प्लांटवरचा नॅनो-थर टिकतो की नाही, हे कसं तपासायचं

नॅनोनळ्यांचा माझा पहिला थर बघण्यासारखा होता. टायटॅनियमची चकती, तिच्यावर निळसर-सोनेरी झाक, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारखी एकाला एक लागून उभी असलेली भोकं. पेशी त्यावर छान पसरल्या, फोटो काढून झाले. मग आमच्यातल्या एकाने सहज म्हणून साधी चिकटपट्टी दाबून ओढली आणि अर्धं पोळं पट्टीवर आलं. सहा आठवड्यांचं काम होतं ते.

हाडात बसवायच्या धातूवर नॅनो आकाराची रचना का करतात हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. हाडाच्या पेशींना गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा असा पृष्ठभाग धरून ठेवायला सोपा जातो आणि त्यांचं वागणंही त्यानुसार बदलतं. प्रश्न असा की पेशी येईपर्यंत ती रचना जागेवर राहते का? इम्प्लांटवर आधी निर्जंतुकीकरणाची वाफ किंवा किरणं येतात. मग ते हाडातल्या अरुंद भोकात पिळून किंवा ठोकून बसवलं जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं त्यावर भार येत राहतो. चाचण्यांचा क्रमही मी असाच लावतो, आणि खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मी सगळा भर टायटॅनियमवर ठेवला आहे, कारण माझे हात त्यातच मळलेत.

पायरी १ : थर कुठून आला ते आधी लिहून काढा

थर दोन जातींचे. एक धातूतूनच उगवलेला, दुसरा बाहेरून आणून बसवलेला. दोघांच्या कमकुवत जागा वेगळ्या, त्यामुळे एकाची चाचणी दुसऱ्याला जशीच्या तशी लावली तर फसगत होते.

नॅनोनळ्या पहिल्या जातीच्या. फ्लोराइड असलेल्या द्रावणात टायटॅनियमचं अ‍ॅनोडायझिंग केलं, म्हणजे त्याला धन टोक करून वीज सोडली, की ऑक्साइड तयार होत जातं आणि त्याच वेळी विरघळतही जातं. या ओढाताणीतून नळ्या उभ्या राहतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या सौम्य जलीय द्रावणात २० व्होल्टला साधारण १०० नॅनोमीटर व्यासाच्या, काहीशे नॅनोमीटर उंचीच्या नळ्या मिळतात. व्होल्टेज कमी केलं की व्यास कमी होतो. इथिलीन ग्लायकॉल आणि अमोनियम फ्लोराइड घेतलं तर उंची कितीतरी मायक्रॉनपर्यंत नेता येते, आणि तिथेच हात शिवशिवतात. उंच नळ्या फोटोत देखण्या दिसतात, पण हाडाच्या इम्प्लांटवर एक मायक्रॉनच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उंची वाढली की बुंध्यावरचा ताण वाढतो, आणि पेशीला नळीचं तोंड लागतं, तळ नाही.

नळ्यांची दुखरी जागा म्हणजे तळ. फ्लोराइडचे आयन ऑक्साइडमधून ऑक्सिजनच्या आयनांपेक्षा वेगाने आत सरकतात आणि धातूच्या सीमेवर फ्लोराइडने भरलेला एक पातळ पापुद्रा साठतो. थर सुटतो तो बहुतेक वेळा याच पापुद्र्यावरून. ४५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भट्टीत ठेवलं की फ्लोराइड बरंचसं निघून जातं आणि आकारहीन ऑक्साइडचं अ‍ॅनाटेज स्फटिकात रूपांतर होतं. पकड सुधारते. तापमान आणखी चढवत नेलं तर त्याच ऑक्साइडचं दुसरं स्फटिकरूप, रुटाइल, होऊ लागतं आणि नळ्या तळापासून ढासळतात, म्हणून जास्त तापवलं की जास्त मजबूत हा हिशेब इथे चालत नाही. तापवणं आणि थंड करणं दोन्ही सावकाश.

वाळवण्याकडेही लक्ष द्या. पाणी सुकताना नळ्यांना एकमेकींकडे ओढतं, त्यांचे झुबके होतात आणि झुबक्यांच्या मधून चिरा पडतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटनच्या आसपास, इथेनॉलचा २२. शेवटचं धुणं इथेनॉलमध्ये केलं तरी अर्धी कटकट मिटते.

मिश्रधातूची गोष्ट आणखी निराळी. सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या नेहमीच्या टायटॅनियममध्ये अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे कण असतात. बीटा कणांत व्हॅनेडियम जास्त, त्यामुळे ते द्रावणात लवकर झिजतात. परिणामी थर ठिगळं लावल्यासारखा होतो. शुद्ध टायटॅनियमच्या चकतीवर मिळालेला निकाल या मिश्रधातूच्या इम्प्लांटच्या नावावर खपवणं हा या विषयातला सगळ्यात नेहमीचा घोटाळा.

दुसऱ्या जातीत हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट येतं, म्हणजे हाडाच्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट. प्लाझ्मा फवारणीने बसवलेला थर सहसा ५० ते १५० मायक्रॉन जाड असतो. सोल-जेलने (द्रावणाचा लेप देऊन तो तापवून) किंवा स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून) बसवलेला त्यापेक्षा खूप पातळ. तापल्यावर हे खनिज टायटॅनियमपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून थंड होताना थर ताणला जातो. ठिसूळ वस्तूला ताण सोसत नाही. चकती भट्टीतून बाहेर येते तेव्हाच तिच्यावर निम्मी चाचणी होऊन गेलेली असते.

पायरी २ : नमुने

ओढण्याच्या चाचणीसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या एफ ११४७ या मानकात २५.४ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या सांगितल्या आहेत आणि किमान पाच नमुने. पाच म्हणजे अगदीच तळरेषा. ठिसूळ थरांचे आकडे इतके विखुरतात की मी दहाच्या खाली उतरत नाही. सोबत दोन जोड्या न विसरता ठेवा. एक, थर न दिलेल्या पण बाकी सगळी प्रक्रिया झालेल्या चकत्या. दोन, नुसत्या धातूला धातू चिकटवलेले तुकडे, म्हणजे ग्लूची स्वतःची ताकद किती ते कळेल. याशिवाय काही खरे इम्प्लांट लागतील, आट्यांचे किंवा दांड्याचे, कारण आटीच्या धारेवर थर चकतीसारखा बसत नाही.

सगळे नमुने आधी निर्जंतुक करून घ्या, आणि प्रत्यक्षात जी पद्धत वापरणार तीच वापरा. १२१ किंवा १३४ अंशांची वाफ असो वा २५ किलोग्रे मात्रेचे गॅमा किरण, थरावर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. भट्टीत न घातलेल्या आकारहीन नळ्या तर नुसत्या पाण्यातही हळूहळू स्फटिकात बदलतात आणि त्या बदलात त्यांचा आकार बिघडतो. निर्जंतुक न करता मोजलेली ताकद ही वेगळ्याच वस्तूची ताकद असते.

पायरी ३ : आधीचा फोटो

काहीही ओरखडण्यापूर्वी प्रत्येक गटातल्या दोन-तीन नमुन्यांची पूर्ण नोंद करा : वरून दिसणारी रचना, थराची जाडी, खडबडीतपणा, एक्स-रे विवर्तनाने स्फटिकाचा प्रकार. जाडीसाठी आडवा छेद घासून काढत बसू नका. पातळ पत्र्यावर तसाच थर द्या आणि पत्रा वाकवा. थर तडकतो आणि चिरेच्या कडेला नळ्यांची पूर्ण उंची उघडी दिसते.

एक युक्ती मला फार उशिरा सुचली. चाचणीच्या जागेजवळ कठीणपणा मोजण्याच्या टोकाने तीन ठसे त्रिकोणात उमटवून ठेवा. चाचणीनंतर त्याच त्रिकोणात परत येता येतं. नाहीतर आधीचा आणि नंतरचा फोटो दोन वेगवेगळ्या जागांचे असतात आणि आपण उगाच तुलना करत बसतो.

पायरी ४ : स्वस्तात गाळणी

चिकटपट्टी आणि अल्ट्रासोनिक टब. पट्टी दाबा, एका झटक्यात ओढा, पट्टी काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. टबमध्ये पाच-दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा फोटो काढा. यातून आकडा मिळत नाही, फक्त पुढच्या महागड्या चाचण्यांना कोण लायक नाही ते कळतं. टबचा आणखी एक फायदा : लांब नळ्यांच्या तोंडावर गवतासारखा जो गुंता साठतो तो निघून जातो. मात्र मग टबमधली वेळ सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा, कारण हे धुणंही आहे आणि मारही.

पायरी ५ : कठीणपणा आणि ताठपणा

नॅनोइंडेंटेशनमध्ये हिऱ्याचं तीन बाजूंचं टोक थरात रुतवतात आणि मागे घेतानाच्या आलेखावरून ताठपणा काढतात. ऑलिव्हर आणि फार (Pharr) या संशोधकांची १९९२ ची पद्धत बहुतेक यंत्रं वापरतात. नियम असा की रुतण्याची खोली थराच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या आत हवी, नाहीतर खालचा धातू आकड्यात शिरतो. आता ५०० नॅनोमीटरच्या थरात दहावा भाग म्हणजे ५०, आणि नळीचं भोकच १०० चं! टोक कधी भिंतीवर पडतं, कधी भोकात. शंभर ठसे घेतले तरी ढगासारखा विखुरलेला आलेख मिळतो. मार्ग असा की गोल टोक घ्या, म्हणजे एका वेळी बऱ्याच नळ्या दाबल्या जातील. वेगवेगळ्या खोलींवर मोजा आणि खोली शून्याकडे नेली तर आकडा कुठे जातो ते बघा. जो मिळेल त्याला नळ्यांच्या समूहाचा सरासरी ताठपणा म्हणा, ऑक्साइडचा नाही.

हा आकडा कामाचा आहे. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा ताठपणा ११० गिगापास्कलच्या आसपास, हाडाच्या बाहेरच्या घट्ट भागाचा साधारण १० ते ३०. पोकळ नळ्यांचा थर भरीव ऑक्साइडपेक्षा बराच मऊ असतो आणि हाडाच्या बाजूने ही चांगलीच गोष्ट. थर मऊ आला म्हणून नाक मुरडू नका.

पायरी ६ : ओढून काढणं

चकतीच्या थराच्या बाजूला ग्लू लावून दुसरा दंडगोल चिकटवायचा आणि यंत्रात मिनिटाला २.५ मिलिमीटर वेगाने सरळ ओढायचं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या थराकडून आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) १३७७९ या मानकात किमान १५ मेगापास्कलची अपेक्षा आहे. ऐकायला सोपं आहे. फसतं ते ग्लूमध्ये.

पातळ एपॉक्सी, म्हणजे राळेचा ग्लू, नळ्यांत झिरपतो. सच्छिद्र थर असला तर थेट धातूपर्यंत पोचतो. मग तुम्ही थराला नाही, थरातून आरपार गेलेल्या एपॉक्सीच्या खिळ्यांना ओढत असता, आणि आकडा भरघोस येतो. आमच्याकडे एकदा एका गटाचा आकडा थराशिवायच्या धातू-धातू जोडीच्या आकड्याएवढाच आला आणि सगळे खूश झाले. मी एक चिकटवलेली चकती न ओढता आडवी कापून बघितली तेव्हा राळ नळ्यांच्या तळापर्यंत भरलेली दिसली. म्हणून फिल्मच्या स्वरूपातला ग्लू वापरा, जो पक्का होताना फार पातळ होत नाही, आणि प्रत्येक नव्या थरासाठी एक चकती अशी कापून बघाच. फिल्म पक्की करायला लागणारी उष्णता थराला सोसते का, तेही आधी तपासा. थरात प्रथिनं किंवा पॉलिमर असतील तर नक्कीच.

दंडगोल तिरका बसला तर थर ओढला न जाता एका कडेने सोलला जातो आणि आकडा खोटा कमी येतो. यंत्राच्या दोन्ही टोकांना सर्व बाजूंना हलणारा सांधा हवा.

तुटल्यावर दोन्ही तोंडं बघा. इथेच खरी माहिती असते. एका दंडगोलावर चमकदार धातू आणि दुसऱ्यावर मंद राखाडी पापुद्रा दिसला तर थर बुडापासून सुटला. दोन्हीकडे राखाडी, खडबडीत असेल तर थर स्वतःच मध्ये फाटला. दोन्हीकडे पिवळसर राळ असेल तर ग्लू तुटला, आणि अशा वेळी फक्त ‘थराची ताकद किमान एवढी’ इतकंच लिहिता येतं. बहुतेक चकत्यांवर तिन्ही प्रकार ठिपक्याठिपक्यांनी मिसळलेले असतात. प्रत्येकाचं क्षेत्रफळ टक्क्यांत मोजून आकड्याशेजारी लिहा. तुटण्याची जागा न सांगता नुसते मेगापास्कल देणारा तक्ता मी वाचत नाही.

हाडाच्या कडेने येणारा भार जास्त करून घसटणारा असतो, म्हणून एएसटीएम एफ १०४४ ची कातर-चाचणीही (थराला बाजूने सरकवणारी) जोडीला ठेवा. ग्लूच्या सगळ्या कुरबुरी तिथेही त्याच.

पायरी ७ : ओरखडा

हिऱ्याचं टोक थरावरून ओढत भार वाढवत न्यायचा आणि पहिली चीर कुठे पडली, थर कुठे सुटला ते टिपायचं. नेहमीचं टोक २०० मायक्रॉन त्रिज्येचं असतं. अर्ध्या मायक्रॉनच्या थरावर ते म्हणजे रांगोळीवरून रोलर. काही मायक्रॉन त्रिज्येचं टोक घ्या.

नळ्यांचा थर सहसा कपचे उडून सुटत नाही, तो चेपतो. ओरखड्याच्या सुरुवातीला नळ्यांची तोंडं ओढीच्या दिशेला कललेली दिसतात, थोडं पुढे भिंती एकमेकींवर पडलेल्या, आणि त्यापुढे गवताची पेंढी पायाखाली तुडवावी तशी सपाट, घट्ट झालेली चटई. धातू अजून झाकलेलाच असतो, म्हणून तडकण्याचा आवाज टिपणारा यंत्राचा ध्वनी-संवेदक गप्प राहतो आणि अहवालात थर पास होतो. पण पेशीसाठी जी रचना केली ती केव्हाच गेलेली असते. त्यामुळे नळ्यांसाठी मी ‘रचना मोडण्याचा भार’ असा वेगळा आकडा काढतो, तोही फक्त फोटोंवरून. हे आकडे टोकाची त्रिज्या, वेग आणि खालच्या धातूचा कठीणपणा यांवर अवलंबून असतात, म्हणून दुसऱ्या लॅबच्या आकड्यांशी तुलना करायला जाऊ नका.

पायरी ८ : हाडात घालून बघा

वेळ एकाच चाचणीपुरता असेल तर ही करा. थराचं सर्वांत जास्त नुकसान बसवण्याच्या पहिल्या काही मिनिटांत होतं, आणि प्रयोगशाळेत नेमकं तेच तपासायचं राहून जातं.

हाडाऐवजी पॉलियुरेथेनचा कडक फोम वापरतात. एएसटीएम एफ १८३९ मध्ये त्याच्या प्रती ठरवून दिल्या आहेत. प्रत २० म्हणजे घनमीटरला सुमारे ३२० किलो. प्रत्यक्षात जेवढं अरुंद भोक पाडतात तेवढंच पाडा. दाताच्या इम्प्लांटला ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास पीळ नेहमीचा, तो गाठला जाईल असं बघा आणि पूर्ण आलेख नोंदवा. दांडा असेल तर ठोका, आणि हातोड्याचे घाव हाताने न देता ठरावीक उंचीवरून वजन सोडून द्या. फोम कोरडा नको, खारट पाण्याने ओला करून घ्या.

आता मुख्य गोम. इम्प्लांट उलटं फिरवून काढलं तर थर दुसऱ्यांदा घासला जातो, आणि कुठली इजा आत जातानाची, कुठली बाहेर येतानाची हे सांगता येत नाही. म्हणून फोमचा ठोकळा आधीच दोन बाजूंनी करवतीने खाचून ठेवा, इम्प्लांट बसल्यावर ठोकळा उभा फोडा आणि इम्प्लांट उचलून घ्या. ज्या आट्या फोमच्या खोबणीत आडव्या सरकल्या नाहीत, त्यांवरच्या खुणा आत जातानाच्या.

मग इम्प्लांटचे भाग पाडा : पुढचं टोक, आटीची धार, आटीचा उतार, दोन आट्यांमधली दरी. प्रत्येक भागाचे ठरलेले फोटो आणि उरलेल्या शाबूत रचनेचं टक्क्यांतलं क्षेत्र. धारेवर आणि टोकावर बहुतेक वेळा फार कमी उरतं, दरीत बरंच. सरासरी काढून हा फरक पुसून टाकू नका, कारण भार धारेवरच येतो.

फोमचे कण थरावर चिकटून बसतात आणि थर गेल्यासारखं दिसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काढलेल्या मूलद्रव्यांच्या नकाशात कार्बन कुठे आहे ते बघा, कारण फोम कार्बनचा असतो. वजन करून नुकसान मोजायचा मोह टाळा. एक मायक्रॉन जाडीचा, निम्मा पोकळ थर एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.२ मिलिग्रॅम भरतो, म्हणजे दहा टक्के थर गेला तर फरक पडतो २० मायक्रोग्रॅमचा. फोमचा एक चिकटलेला कण तेवढा सहज भरेल.

फोममध्ये चांगला ठरलेला थर शेवटी ताज्या जनावराच्या हाडात एकदा घालून बघा. हाड एकसारखं नसतं, एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला जाळीदार असतं, आणि थर जातो तो घट्ट बाजूला.

पायरी ९ : वर्षानुवर्षांचा भार

चालताना नितंबाच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो आणि वर्षाला साधारण दहा लाख पावलं धरतात. दाताच्या इम्प्लांटसाठी आयएसओ १४८०१ मध्ये ते ३० अंश कलवून दाबतात : कोरड्यात ५० लाख फेरे, द्रवात सेकंदाला दोनच्या आत वेग ठेवून २० लाख. दोनच्या वेगाने २० लाख फेऱ्यांना साडेअकरा दिवस लागतात, तेव्हा यंत्र आधीच राखून ठेवा.

प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायचे. थर टिकला का, हा एक. थरामुळे धातूचं आयुष्य घटलं का, हा दुसरा आणि जास्त गंभीर. थरातली चीर किंवा पृष्ठभागावरची खोल खाच धातूत शिरणाऱ्या भेगेची सुरुवात ठरू शकते. पातळ नळ्यांपेक्षा सँडब्लास्टिंग, लेसर किंवा वरून वितळवून बसवलेल्या सच्छिद्र थरांत हा धोका जास्त असतो. थर नसलेले तुकडे त्याच भाराखाली सोबत चालवले नाहीत तर या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

हाडाशी होणारी बारीक हालचालही तपासायची असते. ती २८ मायक्रॉनच्या आत असेल तर हाड चिकटतं, १५० पर्यंत गेली तर मध्ये तंतुमय ऊती तयार होतात, हे जुन्या प्राणी-प्रयोगांतून कळलेलं आहे. म्हणून घासण्याची चाचणी याच पट्ट्यात, ५० ते १०० मायक्रॉनच्या झोक्यावर लावा.

द्रव निवडताना सांभाळा. शरीरद्रवासारखं कृत्रिम द्रावण, ३६.५ अंश आणि ७.४ पीएचचं, वापरलं की त्यातून खनिज साचतं आणि चिरा बुजवून टाकतं. थर बरा झाल्यासारखा दिसतो. यांत्रिक चाचणीला साधं बफर (पीएच स्थिर ठेवणारं) मिठाचं पाणी वापरा आणि त्यात थोडं सीरम, म्हणजे रक्तातला प्रथिनांचा द्रव, घाला, कारण प्रथिनांमुळे घर्षण बदलतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट द्रवात हळूहळू विरघळतं, म्हणून त्याचे काही नमुने आधी काही आठवडे भिजवून मग पायरी ६ पुन्हा करा.

पायरी १० : सुटलेलं कुठे जातं

चाचणीचं पाणी ओतून देऊ नका. गाळा, आणि गाळणीवरचे कण मोजा, आकार बघा; एएसटीएम एफ १८७७ त्यासाठीच आहे. एका मायक्रॉनच्या आतले कण शरीरातल्या भक्षक पेशी गिळतात, त्यातून दाह आणि पुढे हाडाची झीज सुरू होऊ शकते. नॅनो-थराचा चुरा नेमका याच आकाराचा असतो, त्यामुळे थर थोडाच गेला असं म्हणून भागत नाही.

अहवाल लिहिताना सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही द्या, ठिसूळ थरांसाठी वायबुल आलेख (किती भाराला किती नमुने तुटतात ते दाखवणारा) काढा, आणि नापास झालेल्या चकत्या टाकून देऊ नका. सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की तो एक नमुना का सुटला. आणि चकतीच्या मागे नंबर कोरून ठेवा. मी एकदा मार्करने लिहिले होते. अ‍ॅसिटोनच्या पहिल्या धुण्यात शाई गेली आणि दहा चकत्या एकसारख्या, बिननावाच्या माझ्यासमोर पडल्या होत्या.